नक्षी आमची, भट्टी कुणाची?



बचत गटाच्या बैठकीत 'कोणते प्रशिक्षण हवे?' असा प्रश्न टाकला की वर्षानुवर्षे तीच यादी समोर येते. शिवणकाम, पापड-मसाले, अगरबत्ती, ब्यूटी पार्लर. ही यादी बायकांनीच केली, असे अहवालात लिहिले जाते. खरे तर जे शिकवायला माणूस मिळतो तेच मागायची त्यांना सवय झालेली असते. अलीकडे मात्र सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या काही गटांतून एक वेगळी मागणी ऐकू येऊ लागली आहे. नक्षीदार चिनी मातीच्या वस्तू करायला शिकायचे आहे! कप, वाट्या, भिंतीवरच्या फरशा, गळ्यातले मणी. कुणी मोबाइलवर पाहिलेले असते, कुणी महाबळेश्वर-पाचगणीच्या दुकानांत त्यांची किंमत विचारलेली असते.

मागणी आली याचा आनंद आहे. पण तिला उत्तर म्हणून जे मिळते त्याने आम्ही अस्वस्थ आहोत. 'सिरॅमिक प्रशिक्षण' या नावाखाली तीन किंवा पाच दिवसांचा वर्ग होतो. बाहेरून आणलेले तयार पांढरे कप समोर ठेवतात, रंग आणि कुंचले वाटतात, मोर नाहीतर वारली आकृत्या काढून घेतात. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र आणि फोटो. माती कुठली, ती कशी मळली, कपावरचा काचेसारखा थर कशाचा, भट्टी किती तापली, याबद्दल एक अक्षरही नाही. बाई नक्षी काढायला शिकते, वस्तू करायला शिकत नाही. रंगाच्या बाटल्या संपल्या की तिचे शिक्षणही संपते.

या अंकात आम्हाला एकच मुद्दा ठामपणे मांडायचा आहे. नक्षी हा या कामाचा एक टप्पा आहे, आणि बहुधा सर्वांत कमी मोबदल्याचा. माती, घडण, ग्लेझ आणि भट्टी यांचे ज्ञान ज्याच्या हाती, त्याच्या हाती धंदा. बायकांना नक्षी द्यायची आणि बाकीचे सारे मागे ठेवायचे ही रीत जुनी आहे. ती आपल्या कुंभारवाड्यातही आहे आणि जगातल्या मोठमोठ्या कारखान्यांतही होती. म्हणून शिकायचेच असेल तर संपूर्ण शिकण्याचा हक्क मागितला पाहिजे.

चिनी मातीकडे जाण्याआधी आपल्या गावच्या मातीकडे पाहू. संक्रांतीची सुगडी, रथसप्तमीला दूध उतू घालायचे बोळके, अक्षय्यतृतीयेची केळी, बेंदराचे बैल, नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या आणि पोरांच्या किल्ल्यावरचे मावळे. आपल्या भागातले वर्ष असे कुंभाराच्या दारातून फिरते. आता या कामाची विभागणी मोजून पाहा. माती आणणे, वाळवणे, बडवणे, चाळणे. त्यात राख किंवा लीद मिसळून ती तुडवणे. पाणी भरणे. ओली मडकी उन्हा-सावलीत फिरवणे, पाऊस आला की धावत आत नेणे. गेरू लावणे, रंगवणे. शेणी, भुसा, काटक्या जमवणे, आवा रचायला आणि उतरवायला हात देणे. मग पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणे, दारोदार फिरणे, घासाघीस करणे. यातले बहुतेक काम बाई करते. चूल आणि बेंदराचे बैल तर अनेक घरांत तीच हाताने घडवते. पुरुषाकडे मुख्यतः एक गोष्ट असते, ती म्हणजे चाक.

आणि तरीही तिला विचारा, 'तुम्ही काय करता?' उत्तर येते, 'आमी कुठं काय करतोय, मालक करत्यात, आमी आपलं हाताखाली.'

'कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येईलच' ही म्हण आपण सहज वापरतो. नवी सून चार दिवस लाजेल, पण राख आणि जळण गोळा करायला तिला शेवटी उकिरड्यावर यावेच लागणार, असा तिचा अर्थ. म्हणजे आव्याच्या जळणाची जबाबदारी सुनेची आहे, हे आपल्या भाषेनेही गृहीत धरले आहे. आवा मात्र तिचा नाही. ती कुंभारीण, म्हणजे कुंभाराची बायको. ती स्वतः कुंभार आहे असे म्हणायला भाषेतही जागा नाही.

बाईने चाकाला हात लावू नये, हा संकेत देशाच्या बऱ्याच भागांत पाळला जातो. कुठे चाक हा देव म्हणून, कुठे पाळीचा विटाळ म्हणून, कुठे 'बाईला ते जड जाते' म्हणून. डोक्यावर मडक्यांची पाटी घेऊन मैलोन्‌मैल चालणाऱ्या बाईला चाक जड जाते, हे कारण कुणाला पटावे? आणि हा निसर्गनियम असता तर तो सगळीकडे सारखा असता. मणिपूरमधल्या आंद्रो गावात मडकी घडवणे हे बायकांचेच काम आहे, आणि त्या ती चाकाशिवाय घडवतात. आपल्याकडेही आता विजेवर चालणारी चाके आली. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या कुंभार सशक्तीकरण योजनेत अशी चाके वाटली गेली. ताकदीचे कारण त्या दिवशीच संपले. उरला तो फक्त संकेत, आणि संकेत मोडता येतो.

आता चिनी माती. तिचा बाऊ करण्याचे कारण नाही, पण ती सोपी आहे असे सांगून फसवायचेही नाही. चिनी मातीची वस्तू मुख्यतः तीन गोष्टींतून होते. केओलिन नावाची पांढरी माती, फेल्डस्पार नावाचा दगड आणि गारगोटी, म्हणजे क्वार्ट्‌झ. आपला देश हा काळ्या कातळाचा, त्यामुळे कृष्णाकाठच्या मातीत हे मिळणार नाही. केओलिन घाट उतरून सिंधुदुर्गाकडे सापडते. पण तयार मळलेली माती विकत मिळते, त्यामुळे अडचण मातीची नाही. अडचण उष्णतेची आहे. आपल्या उघड्या आव्यात मडके साधारण सातशे ते नऊशे अंश सेल्सिअसला भाजते. चिनी माती आधी हजार अंशांच्या आत-बाहेर एकदा कच्ची भाजावी लागते, आणि ग्लेझ लावून दुसऱ्यांदा साडेबाराशे ते तेराशे अंशांपर्यंत. तेवढ्या उष्णतेला मातीतला काही भाग वितळून काचेसारखा होतो, म्हणून ती भांडी पाणी शोषत नाहीत आणि पातळ असतील तर उजेडात धरल्यावर किंचित पारदर्शक दिसतात. तिथवर जाताना वस्तू आठवा-सातवा हिस्सा आकसते. हे आधी हिशोबात न धरणाऱ्याचे झाकण भांड्यावर कधी बसत नाही.

नक्षीच्याही रीती वेगवेगळ्या आहेत. एक, कच्च्या भाजलेल्या वस्तूवर रंग काढायचा आणि वरून ग्लेझ द्यायचे. चिनी भांड्यांवरचा प्रसिद्ध निळा रंग असा कोबाल्टने येतो. दुसरी, ग्लेझवर रंग काढून सात-आठशे अंशांना पुन्हा भाजायचे. तयार कपावरच्या नक्षीची ही रीत. भट्टीतून न काढता नुसता रंग दिला तर तो घासणीने निघून जातो. तिसरी रीत आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिला जपानी लोक नेरिकोमी म्हणतात. पांढऱ्या मातीचे गोळे करून त्यांत थोडे थोडे ऑक्साइड मिसळायचे. कोबाल्टने निळा, लोहाने तपकिरी, क्रोमियमने हिरवा. मग वेगवेगळ्या रंगांचे थर एकमेकांवर रचायचे, गुंडाळायचे, दाबायचे आणि सुरीने चकत्या कापायच्या. प्रत्येक चकतीत तीच नक्षी निघते. त्या चकत्या साच्यात जोडून वाटी किंवा थाळी करायची. ही नक्षी वरून काढलेली नसते, आरपार असते.

हे वाचून तुम्हाला अळूवडी आठवली असेल तर ते बरोबरच आहे. पानावर पीठ, त्यावर पान, गुंडाळी, चकत्या. तुकड्याला तुकडा जोडून रांगेने नक्षी उभी करणे वाकळ शिवणाऱ्या बाईला कुणी शिकवावे लागत नाही. या रीतीला चाकाची गरज नाही. पण शिकावे लागते ते वेगळेच. सगळे रंग एकाच मुळातल्या मातीचे हवेत, नाहीतर कमी-जास्त आकसून सांध्यावर चिरा पडतात. वस्तू झाकून, फळ्यांमध्ये दाबून, दिवसचे दिवस हळू वाळवायची. ऑक्साइड वजनकाट्यावर मोजून घालायचे, कारण कोबाल्ट शेकडा एक-दोन टक्क्यांवर गेला की निळ्याचा काळा होतो, आणि तो महागही आहे. भट्टी कोणत्या टप्प्यावर किती वेगाने चढवायची हे वहीत लिहून ठेवायचे. हात आपल्याकडे आहे. मोजमाप, रसायन आणि नोंद हे शिकायचे आहे. आणि नेमके तेच बायकांना शिकवले जात नाही.

चिनी मातीचा इतिहास हा बराचसा गुपिते राखण्याचा इतिहास आहे. युरोपला ही माती शतकानुशतके जमत नव्हती. सॅक्सनीच्या राजाने ब्योटगर नावाच्या किमयागाराला कोंडून ठेवून ती जमवून घेतली आणि १७१० मध्ये माइसेनचा कारखाना निघाला. पुढे त्या कारखान्याची कृती बाहेर जाऊ नये म्हणून कडेकोट पहारा होता. त्याच्या सुमारे शतकभर आधी जपानमध्ये चिनी मातीचे काम सुरू झाले ते कोरियातून नेलेल्या कुंभारांच्या हातून. त्यांतल्या एका कुंभाराची विधवा, जपानी लोक तिला ह्याकुबासेन म्हणतात, नवऱ्यामागे शेकडो कुंभारांना घेऊन अरिता या गावी गेली आणि तिथल्या कामाची प्रमुख झाली. तिचे स्मारक तिथे आहे. पहिल्या पिढीत एका बाईने भट्ट्या चालवल्या, हे माहीत असूनही पुढे जगभर बाईच्या हातात कुंचलाच का उरला, हा प्रश्न विचारायला हवा.

इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमधली गोष्ट तर आपल्या डोळ्यांत अंजन घालणारी आहे. तिथल्या कुंभारकामाच्या कारखान्यांत एकोणिसाव्या शतकात हजारो बायका भांडी रंगवत. बारीक काम करताना हात स्थिर राहावा म्हणून मनगटाखाली एक छोटा टेकू ठेवतात. काही ठिकाणी पुरुष चित्रकारांनी विरोध करून हा टेकूच बायकांना नाकारला. टेकू नाही म्हणजे बारीक काम नाही, बारीक काम नाही म्हणजे वरची मजुरी नाही. बाईला कला जमत नाही हे सिद्ध करायला लाकडाचा एक तुकडा काढून घेणे पुरले! त्याच भागातली क्लॅरिस क्लिफ १९१२ साली तेराव्या वर्षी कामाला लागली. ती एकाच टेबलाला चिकटून बसली नाही. सोनेरी रेघ, रंगकाम, घडणी, नमुन्यांच्या वह्या असे एकेक काम शिकत गेली. १९२७ पासून तिच्या नावाने नक्षीदार भांडी बाजारात आली आणि पुढे ती कारखान्याची कलासंचालक झाली. तिची नक्षी गाजली. पण नक्षीवर नाव लावण्याची ताकद तिला मिळाली ती सारा कारखाना शिकल्यामुळे.

आपल्या राज्यात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८७०च्या दशकात जॉर्ज टेरी यांनी कुंभारकाम सुरू केले. तिथे अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेली नक्षी ग्लेझच्या भांड्यांवर उतरली. स्वातंत्र्यानंतर निर्मला पटवर्धन यांनी जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये ग्लेझचे रसायन शिकून घेतले. २००७ मध्ये त्या गेल्या, पण जे मिळाले ते त्यांनी गुपित ठेवले नाही. भारतातल्या कारागिरांना वापरता यावे म्हणून पुस्तकरूपाने मांडले. कृती लपवण्याच्या परंपरेत एका बाईने कृती वाटल्या, याची नोंद आपण ठेवली पाहिजे.

'हे आपल्या भागातले नाही' असे म्हणणाऱ्यांना ओगलेवाडीची आठवण द्यावी. कराडजवळ, तेव्हाच्या औंध संस्थानच्या हद्दीत, ओगले बंधूंनी १९१६ मध्ये काचेचा कारखाना काढला. तिथला 'प्रभाकर' कंदील घराघरांत पोचला. त्याआधी १९१० मध्ये, औंध संस्थानच्याच हद्दीत, कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली होती. काच वितळवण्याचे किंवा लोखंड ओतण्याचे काम या मातीत आधीपासून नव्हते. ते शिकले गेले, त्यासाठी जागा मिळाली, भांडवल उभे राहिले, चुकत-माकत वर्षे गेली तरी चालवून घेतले गेले. ओगलेवाडीचा तो कारखाना आता बंद आहे, पण त्याने एक गोष्ट दाखवून दिली. भट्टीचे ज्ञान रक्तातून येत नाही. ज्याला शिकायला वेळ, पैसा आणि नुकसान सोसायची मुभा मिळते त्याला ते येते. बायकांच्या प्रशिक्षणाला आपण देतो पाच दिवस, आणि पहिलीच भट्टी फुटली की म्हणतो, 'यांना जमणार नाही.'

शिकायचे तर कुठे? सांगलीहून जवळचे ठिकाण म्हणजे बेळगाव जिल्ह्यातले खानापूर. विट्याजवळचे आपले खानापूर नव्हे. तिथे खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची मध्यवर्ती प्रशिक्षण संस्था आहे. विदर्भात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभा केलेला ग्रामोदय संघ आहे. जागा आहेत, पण तिथे जाऊन राहणारी बाई हवी. लहान मूल घेऊन राहायची सोय आहे का? बुडालेल्या रोजगाराचे काय? घरचे 'एवढे दिवस बाहेर' सोडतील का? हे प्रश्न 'घरगुती अडचणी' या सदरात टाकायचे नाहीत. पाळणाघर आणि बुडीत मजुरी हा प्रशिक्षणाच्या अंदाजपत्रकाचा भाग आहे. तो नसेल तर ते प्रशिक्षण पुरुषांसाठीच आखलेले आहे, फलकावर काहीही लिहिलेले असो.

यापुढचा प्रश्न नावाचा आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत कुंभारकाम आहे. नोंद झालेल्या कारागिराला पाच ते सात दिवसांचे मूलभूत आणि पुढे पंधरा दिवसांचे प्रगत प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि आधी एक लाख, मग दोन लाख असे पाच टक्के व्याजाचे कर्ज. एकूण पाहता चांगली तरतूद. पण अट अशी की एका कुटुंबातून एकाच व्यक्तीला लाभ, आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अविवाहित मुले. आता कुंभाराच्या घरात कुणाचे नाव जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. चाकावर बसतो तो कारागीर, बाकी हाताखालचे. घरातला संकेत असा सरकारी नोंदीत जाऊन बसतो. नवऱ्याच्या नावे लाभ एकदा उचलला गेला की त्याच घरातली बाई पात्र असूनही बाद ठरते. आणि नवऱ्याने टाकलेली असेल तर? रेशनकार्डावर ती अजून त्याच्याच घरात असते, राहते माहेरच्या पडवीत.

कागदावरच्या नावाचे मोल आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको. सांगली जिल्ह्यात १९८०च्या दशकात परित्यक्ता स्त्रियांनी संघटित होऊन स्वतःचे रेशनकार्ड आणि राहायला जागा मागितली, तेव्हा तीही 'घरगुती' बाब समजली जात होती. १९९४ मध्ये राज्याचे पहिले महिला धोरण आले आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती झाली. सातबाऱ्यावर नाव लावण्यासाठी बाया तलाठ्याच्या दारात उभ्या राहिल्या, अजूनही राहतात. शेतात राबणारी बाई शेतकरी आहे हे जसे भांडून सांगावे लागले, तसेच मातीत राबणारी बाई कारागीर आहे हेही सांगावे लागेल. कृष्णा-वारणेचे पूर २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये आपण पाहिले. पुराचे पाणी शिरले की न भाजलेली मडकी पुन्हा चिखल होतात. अशा नुकसानीच्या पंचनाम्यात कारागीर म्हणून कुणाचे नाव लिहिले जाते, हा भरपाईचा प्रश्न आहे, मानाचा नंतर.

इथे जातीचा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. शहरात चिनी मातीचे वर्ग चालतात, तिथे फी भरून शिकणारी बाई 'सिरॅमिक कलाकार' होते. तिच्या कपाला प्रदर्शनात किंमत मिळते, आणि ती तिने कष्टाने मिळवलेली असते, त्याबद्दल तक्रार नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या माती तुडवणारी कुंभार बाई त्याच शहरात रस्त्याच्या कडेला पणत्या विकते आणि डझनामागे दोन रुपये कमी करून दे असे ऐकते. एकीच्या हाताला कला म्हणायचे, दुसरीच्या हाताला मजुरी, हा फरक मातीतला नाही. उलट बाजूनेही प्रश्न आहे. सगळ्याच जातींच्या गटांनी हे काम शिकले तर कुंभारांच्या पोटावर पाय येईल, अशी भीती कुंभारवाड्यात बोलली जाते. ती खोटी म्हणून उडवून लावू नये. प्लास्टिकने आणि स्टीलने आधीच त्यांचा बाजार खाल्ला आहे. आमचे म्हणणे असे की प्रशिक्षणाची सुरुवात कुंभार स्त्रियांपासून व्हावी आणि गावच्या गटांत त्याच शिकवणाऱ्या व्हाव्यात, मानधनासह. माती कधी तुटते, कधी घाम सोडते, कधी थापायला तयार होते हे त्यांच्या बोटांना कळते. ते ज्ञान फुकट घ्यायचे नाही. आणि ज्या बाईला जातीने मातीपासून लांब ठेवले तिलाही हात घालू द्यायचा. जन्माने धंदा ठरतो हे आपल्याला मान्य नाही, मग तो चिकटवायचाही नाही आणि अडवायचाही नाही.

आरोग्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे, कारण प्रशिक्षणात हे सांगितले जात नाही. चिनी मातीच्या आणि ग्लेझच्या कोरड्या धुळीत गारगोटीची अतिबारीक भुकटी असते. ती वर्षानुवर्षे फुप्फुसात गेली तर सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. आता कार्यशाळेत झाडू कोण मारते? म्हणून नियम एकच, कोरडे झाडायचे नाही. फरशी, टेबल ओल्या फडक्याने पुसायचे, कोरडी माती चाळताना योग्य मास्क लावायचा. तोंडाला पदर बांधून ही धूळ थांबत नाही. मातीचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, पोर मांडीवर घेऊन ग्लेझ कालवायचे नाही. ग्लेझची पातेली स्वयंपाकघरात जाता कामा नयेत. खाण्यापिण्याच्या भांड्यांसाठी शिसे नसलेलेच ग्लेझ घ्यायचे आणि विकणाऱ्याकडून तसे लेखी मागायचे. शिसे पोटातल्या बाळापर्यंत पोचते. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शिशाच्या विषबाधेचा प्रश्न गाजला तेव्हा ग्लेझमधून शिसे काढण्याऐवजी बायकांनाच त्या कामातून काढण्याची भाषा झाली. आपण ती वाट धरायची नाही. धोका कामातून काढायचा, बाईला नाही.

उगाच स्वप्ने विकणाऱ्यांपासूनही सावध राहायला हवे. या कामात तूटफूट खूप होते, सुरुवातीची वर्षे निम्मा माल भट्टीतच जाऊ शकतो. विजेची भट्टी महाग, तिला थ्री फेज जोडणी लागते आणि वीजबिल सोसावे लागते. एकेकटीला हे परवडणारे नाही. म्हणूनच तालुक्याला एक सामाईक भट्टी, बायकांच्या संस्थेच्या मालकीची, हा विचार पुढे येतो. माण तालुक्यातल्या म्हसवडला १९९७ मध्ये ग्रामीण बायकांची सहकारी बँक उभी राहिली. तेव्हाही 'यांना जमणार नाही' म्हणणारे होते. बँक चालवणाऱ्या जिल्ह्यात भट्टी चालू शकते. मात्र भट्टीची किल्ली, वीजजोडणी आणि बँकेचे खाते ही तिन्ही बायकांच्या नावावर हवीत. नाहीतर आपल्याच गटाच्या भट्टीवर कुणाचा तरी भाऊ किंवा दीर 'तांत्रिक सल्लागार' होऊन बसेल.

म्हणून आमच्या मागण्या थोडक्यात मांडतो. मातीकामाचे कोणतेही प्रशिक्षण माती, घडण, ग्लेझ, भट्टी आणि हिशोब या पाचही भागांचे असावे, नुसत्या रंगकामाला 'सिरॅमिक प्रशिक्षण' म्हणू नये. प्रशिक्षणात राहण्याची, पाळणाघराची आणि बुडीत मजुरीची तरतूद असावी. विश्वकर्मा योजनेतली एका कुटुंबाला एकच लाभ ही अट बदलावी, आणि ती बदलेपर्यंत ग्रामसभेने कुंभार घरांतील स्त्रियांची कारागीर म्हणून स्वतंत्र यादी करावी. परित्यक्ता आणि विधवा यांना रेशनकार्डावरील नोंदीमुळे डावलू नये. आणि कार्यशाळेत धूळ-शिशापासून संरक्षणाची साधने अवजारांच्या यादीतच धरावीत.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडता येईल. त्याआधी आपल्या गावच्या कुंभारवाड्यात एक दिवस बसा आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोणते काम कोणी केले याची साधी यादी करा. ती यादी ग्रामसभेत वाचून दाखवा, आमच्याकडेही पाठवा, आम्ही छापू. आणि तुमच्या गटाला तयार कप आणि रंगाच्या बाटल्या घेऊन कुणी शिकवायला आले, तर त्यांना चहा जरूर द्या, पण आधी विचारा, 'ताई, भट्टी कधी लावायची?'